आमच्या सर्व्हरवर खातं उघडून निघून गेलेल्या मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तुम्ही आमच्या छोट्याशा मराठी मॅस्टोडॉन सर्व्हरवर खातं उघडलंत. (मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नव्हे: वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले, एकमेकांना जोडलेले सर्व्हर.) कुणी गणपतीचा फोटो लावला, कुणी सिंहगडाचा. "नमस्कार, कुणी आहे का इथे?" असं लिहिलंत. बहुतेकांचं ते पहिलं वाक्यच शेवटचं ठरलं. नावं घेत नाही, घाबरू नका. पण सर्व्हर चालवणाऱ्याला प्रत्येक खात्यापुढे शेवटच्या हजेरीची तारीख दिसते, आणि तो रकाना वाचताना शाळेतल्या हजेरीपटाची आठवण होते. नोव्हेंबर २०२२, नोव्हेंबर २०२२, डिसेंबर २०२२, पुन्हा नोव्हेंबर.

हा सर्व्हर येत्या ३० एप्रिलला मी बंद करतोय. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत ज्या सर्व्हरची नावं असतात, त्यांनी बंद होण्याआधी निदान तीन महिने सूचना द्यायची असते. यादीत नाव घालतानाच ते कबूल केलेलं असतं. (तीन वर्षं न फिरकलेल्यांना कसली सूचना, असं घरी विचारून झालंय. कबूल केलं ते केलं.) ईमेल पाठवले. काही परत आले, उरलेले तुमच्या जाहिरातींच्या कप्प्यात पडले असणार. म्हणून हे उघड पत्र.

नुसती नोटीस लावूनही भागलं असतं. पण मागच्या महिन्यात तुमच्यातलेच एकजण एका लग्नात भेटले. पंगतीत शेजारी बसले आणि मठ्ठ्याचा ग्लास पुढे करत म्हणाले, "काय हो, संपलं ना ते तुमचं हत्तीवालं?" (मॅस्टोडॉनचं चिन्ह हत्तीसारखं आहे.) मी हसलो आणि जिलबी मागून घेतली. एका शब्दात देण्यासारखं उत्तर नव्हतं. सविस्तर इथे देतो.

आकड्यांपुरतं बोलायचं तर ओसरलंय, हे मी नाकारत नाही. २७ ऑक्टोबर २०२२ ला इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं. त्याआधी मॅस्टोडॉनवर महिन्याकाठी साधारण ३ लाख लोक फिरकायचे. दोन महिन्यांत हा आकडा २५ लाखांवर गेल्याचं ऑयगन रॉख्को यांनी सांगितलं. २०१६ मध्ये जर्मनीत बसून मॅस्टोडॉन लिहायला घेतलं ते हेच. नंतर उतरण लागली आणि आकडा १० लाखांच्याही खाली आला. "संपलं" म्हणणारे २५ लाखांपासून मोजतात, "वाढलं" म्हणणारे ३ लाखांपासून. दोघांचाही हिशेब बरोबर आहे आणि दोघंही आपल्याला हवी ती तारीख धरून मोजतात.

आपल्याकडे तर ही दुसरी खेप होती. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं निलंबित केलं, तेव्हा भारतातले बरेच लोक रागारागाने मॅस्टोडॉनवर आले. पंधरा-वीस दिवस वर्तमानपत्रांत 'मॅस्टोडॉन म्हणजे काय' असे लेख छापून आले, आणि मग येरे माझ्या मागल्या. ब्ल्यूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या जागेचंही तेच. ३० ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींनी एक्सवर, म्हणजे नाव बदललेल्या ट्विटरवर, बंदी घातली आणि काही दिवसांत लाखो ब्राझीलवासी तिकडे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल लागला आणि आणखी मोठा लोंढा आला. जानेवारी २०२५ अखेर ३ कोटी खाती झाली. खात्यांचा आकडा पुढेही चढतच राहिला, रोज लिहिणाऱ्यांचा मात्र त्या नोव्हेंबरच्या शिखरावरून बराच खाली आला.

या सगळ्या लाटा रागाच्या आहेत. मालक आवडेनासा झाला, कोर्टाने दार लावलं, निवडणूक हरली, आणि माणसं निघाली. रागाने आलेला माणूस मागे सोडलेल्या जागेबद्दलच बोलतो. नोकरी सोडलेला जसा वर्षभर जुन्या साहेबाबद्दल बोलत राहतो तसा. आपल्या सर्व्हरवर पहिल्या पंधरा दिवसांत जे काही लिहिलं गेलं ते मी परवा रात्री पुन्हा चाळलं. मस्क, निळी खूण, आठ डॉलर, ट्विटर किती दिवस टिकणार. अधूनमधून एखादा वडापाव. तिथला राग निवला तसा इथे बोलायला विषय उरला नाही, आणि तुम्ही परत तिकडे गेलात. त्यात तुमचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता हे आकडे येतात कुठून तेही ऐका, कारण पंगतीतल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. या जाळ्याला मुख्यालय नाही. प्रत्येक सर्व्हर एका ठरलेल्या पत्त्यावर स्वतःची माहिती मांडून ठेवतो: एकूण खाती किती, महिन्याभरात किती जण येऊन गेले, सहा महिन्यांत किती, नोंदी किती. मोजणारे प्रोग्रॅम दारोदार फिरून हे गोळा करतात आणि बेरीज करतात. खरं-खोटं कुणी तपासत नाही. कुणी माहिती देतच नाही, कुणाचा सर्व्हर त्या दिवशी बंद असतो. एका माणसाची तीन खाती असली तर तीन माणसं धरली जातात. आपल्या सर्व्हरने मागच्या महिन्यात जगाला सांगितलं की इथे नऊ जण सक्रिय आहेत. त्या नवांत दोन खाती माझीच, एक स्वतःचं आणि एक व्यवस्थापकाचं. तिसरं बातम्यांचे दुवे आपोआप टाकणारं यंत्र. राहिली सहा माणसं. उलट जो कुणी खातं न उघडता नुसता वाचून जातो तो कुठेच धरला जात नाही. आणि फेसबुकवाल्या मेटाचं ट्विटरसारखं थ्रेड्स याच बेरजेत घ्यायचं का, यावर तर रोज भांडण. ऑगस्ट २०२५ मध्ये थ्रेड्सने महिन्याला ४० कोटी वापरकर्ते सांगितले. त्यातले ज्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आपणहून कळ दाबली, तेवढ्यांचंच लिखाण आमच्यापर्यंत पोचतं. त्यांना पूर्ण धरलं तर हे जाळं अवाढव्य, सोडून दिलं तर चिमुकलं.

तुम्हाला ते ओसाड का वाटलं, त्याचं कारण मात्र मला चांगलं ठाऊक आहे. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुमच्यातल्या एका बाईंनी डिसेंबरात लिहिलं, "इथे कुणी बोलतच नाही." त्यांनी एका परदेशी खगोल अभ्यासकाची नोंद उघडली होती आणि तिच्याखाली त्यांना दोन उत्तरं दिसत होती. मी तीच नोंद तिच्या मूळ सर्व्हरवर जाऊन पाहिली. शंभरावर उत्तरं, त्यात वाद, विनोद, एकाने स्वतःच्या दुर्बिणीतून काढलेले फोटो. आमच्याकडे त्यातलं काही आलंच नव्हतं. हे दुधाच्या रतिबासारखं आहे. ज्याच्या घरी रतीब लावलाय त्याच्याच दारात किटली येते. छोट्या सर्व्हरवर बाहेरच्या ज्या माणसांना कुणीतरी फॉलो करतंय, त्यांचंच लिखाण पोचतं. तिऱ्हाइताने दिलेली उत्तरं वाटेतच राहतात. मोठ्या सर्व्हरवर हजारो लोकांचे रतीब असतात, तिथे सगळं भरलेलं दिसतं. म्हणजे जाळं जागं होतं आणि आमच्या खिडकीतून ते झोपलेलं दिसत होतं. मॅस्टोडॉनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत राहिलेली उत्तरं मागवून आणण्याची सोय झाली आहे. त्या बाई तोवर केव्हाच गेल्या होत्या. त्यांना मी तेव्हा काय लिहिलं होतं? "हे फेडरेशनचं स्वरूप आहे." फेडरेशन म्हणजे सर्व्हर एकमेकांना जोडण्याची हीच पद्धत. माझं हे वाक्य आज वाचताना मलाच कानकोंडं होतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. एका तरुणीने तिच्या गावातल्या पाणवठ्याबद्दल लिहिलं. कुणाच्या घागरी कुठे ठेवायच्या, तिच्या आजीला काय ऐकून घ्यावं लागायचं. साधं, शांत लिखाण होतं. तासाभरात युरोपातल्या कुठल्याशा सर्व्हरवरून एका सज्जनाने भाषांतर करून वाचलं आणि तिला समजावलं की अशा मजकुरावर इशाऱ्याची पट्टी लावायची असते, म्हणजे ज्यांना त्रास होईल ते उघडणार नाहीत. त्याच सुमारास अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक मॅस्टोडॉनवर हेच सांगत होते, की वंशभेदाबद्दल लिहिलं की आम्हाला ते झाकायला सांगतात. मी ते वाचलं होतं, मला ते पटलंही होतं. तरी त्या दिवशी नियमावलीत बोट घालून मी तिला लिहिलं, "पट्टी लावलीत तर बरं होईल." तिने पट्टी लावली नाही. नोंदच काढून टाकली, आणि नंतर ती दिसली नाही. तू हे वाचत असशील तर माझं चुकलं. तुझ्या आजीची घागर झाकायला सांगायचा मला काही अधिकार नव्हता.

मराठीचीही एक गंमत. मॅस्टोडॉनवर प्रत्येक नोंदीला भाषेचं लेबल असतं आणि वाचणाऱ्याला हवी ती भाषा निवडता येते. पण तुमचं ॲप इंग्रजीत असलं तर तुम्ही मराठीत काहीही लिहा, लेबल आपोआप इंग्रजीचं लागतं. आपल्यातले जवळजवळ सगळे ॲप इंग्रजीतच ठेवतात. म्हणजे मराठी वाचू इच्छिणाऱ्याला तुमचं मराठी दिसायचं नाही, आणि कुठल्याशा कॅनडातल्या इंग्रजी वाचकापुढे 'भाकरी थापताना पीठ चिकटतं, काय करावं' हे येऊन पडायचं. त्यात हॅशटॅग निम्म्यांचा देवनागरीत, निम्म्यांचा रोमनमध्ये. एकमेकांशेजारी बसून आपण एकमेकांना सापडत नव्हतो.

मग टिकतं कोण? मी जपानकडे बघतो. तिथे २०१७ च्या एप्रिलमध्ये चित्रकारांच्या पिक्सिव्ह या संकेतस्थळाने स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर काढला. मिसकी नावाचं जपानी लोकांचं स्वतःचं असंच सॉफ्टवेअरही आहे. चित्रं काढणाऱ्यांना चित्रं काढणाऱ्यांशी बोलायचं होतं, ट्विटरवर राग असो वा नसो. अमेरिकेत रूडी फ्रेझर यांनी ब्ल्यूस्कायच्या प्रोटोकॉलवर (सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांवर) ब्लॅकस्काय उभं केलं. ब्ल्यूस्काय नावाला विकेंद्रित आहे, बहुतेक खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. ब्लॅकस्कायने मात्र खाती ठेवण्यापासून ते नोंदी वाहून नेण्यापर्यंतची यंत्रणा स्वतःची केली आणि काय चालेल, काय नाही हेही स्वतः ठरवायला घेतलं. ज्यांना २०२२ मध्ये 'झाका' म्हणून सांगितलं जात होतं, त्याच समाजातल्या माणसाने हे केलं. आपल्याला तरी हे कुठे नवं आहे? मायबोली १९९६ पासून चालू आहे. तिथे लोक कुणावर चिडून गेले नव्हते. अमेरिकेत बसून थालीपिठाची भाजणी कशी करायची हे विचारायला गेले होते, आणि उत्तर मिळत होतं.

आपल्याकडेही असं एक होतं, तुम्हाला दिसलं नाही इतकंच. त्या सहा माणसांबद्दल सांगतो.

देवगडजवळ एक निवृत्त शिक्षक आहेत. अंगणात पर्जन्यमापक आहे. २०२३ च्या जूनपासून ते रोज सकाळी साडेआठला एकच ओळ लिहितात: तारीख, मिलिमीटर, आणि एखादा शब्द. "८६. विहीर भरली." "११२. लाइट नाही." पहिला महिना त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मग जतहून एकाने लिहायला सुरुवात केली: "जत: शून्य." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "जत: शून्य." आठ दिवस शून्य. नवव्या दिवशी "जत: ४!" आणि त्यापुढे उद्गारचिन्हांची रांग. मग नेदरलँडमधल्या एक बाई आल्या: "उट्रेक्ट ३, आणि लोक मोसमी पाऊस आल्यासारखे धावतायत." मग नगरचे एक, मग गगनबावड्याची एक मुलगी, जिच्या आकड्यांपुढे देवगडही फिकं पडायचं. एक फक्त वाचतात आणि प्रत्येक ओळीला चांदणी देतात. तीन पावसाळे हे चाललंय. जगाच्या बेरजेत ही माणसं सहाच दिसतात. माझ्यासाठी सर्व्हर त्यांच्यामुळेच चालू होता.

तरी बंद का करतोय? पैसा हे एक कारण आहे, पण मोठं नाही. कारण आहे तुमची खाती. तुम्ही गेलात तरी तुमचे रतीब चालू आहेत. तुम्ही तेव्हा फॉलो केलेल्या शेकडो परदेशी लोकांचे फोटो आजही रोज माझ्या भाड्याच्या मशिनवर उतरतात. एका रात्री दीड वाजता डिस्क भरून सगळं ठप्प झालं. उघडून बघतो तर जर्मन मांजरं. हजारो. कुणीही न पाहिलेली. त्यांना पुसायची आज्ञा दिली आणि ते पुसून होईपर्यंत चहा करून प्यायलो. सकाळी साडेआठच्या आत सर्व्हर उभा राहायलाच हवा होता, जुलै होता. याशिवाय तक्रारी, स्पॅम, दर काही आठवड्यांनी येणारी सुरक्षेची दुरुस्ती. एकट्याने हे करायचं वय गेलं माझं.

सर्व्हर बंद होणं ही मोठी बातमी नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आपला सर्व्हर १७ डिसेंबर २०२४ ला बंद केला. युरोपीय संघाचा प्रायोगिक सर्व्हर २०२२ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला आणि मे २०२४ मध्ये मिटला. युरोपीय आयोग मात्र दुसऱ्या पत्त्यावर लिहीत राहिला. ३० एप्रिलनंतर मोजणाऱ्यांच्या यादीत एक सर्व्हर आणि दोनशेच्या आसपास खाती कमी होतील आणि कुणीतरी आलेख दाखवून म्हणेल, बघा, आणखी घसरलं. आम्ही सहा-सात जण तेव्हा दुसरीकडे लिहीत असू. 'कू' हे ट्विटरसारखं भारतीय ॲप आठवतंय? मंत्र्यांपासून सगळे तिथे गेले होते, मराठीतही लिहीत होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं तेव्हा तिथून निघून आपल्या माणसांसकट दुसरीकडे जायला वाटच नव्हती. इथे आहे.

एक खंत आहे, ती लपवत नाही. असे छोटे सर्व्हर मिटतात आणि माणसं बहुतेक मॅस्टोडॉनच्या स्वतःच्या मोठ्या सर्व्हरवर जातात. २०२३ मध्ये त्यांच्या ॲपने नव्या माणसाला आधी तोच दाखवायला सुरुवात केली. सगळे एकाच वाड्यात राहायला गेले तर मालक कितीही भला असला तरी विकेंद्रित कशाला म्हणायचं? मी म्हणून तिकडे गेलो नाही. वर्गणीवर चालणारा एक मध्यम सर्व्हर शोधला, त्याच्या चालकांशी दोन संध्याकाळी बोललो, पट्टी कशावर आणि का लावायला सांगता हे आधी विचारलं.

आता कामाचं.

तुमचं खातं हलवायचं असेल तर आधी नव्या ठिकाणी खातं उघडा, तिथल्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पत्ता नोंदवा, मग इथे येऊन 'दुसऱ्या खात्यावर जा' करा. तुम्हाला फॉलो करणारे आपोआप तिकडे येतात. लिहिलेलं येत नाही. ते हवं असेल तर 'आयात-निर्यात'मधून सगळ्या नोंदींची फाइल मागवा. आठवड्यातून एकदाच मिळते, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी वेगळी उतरवून नव्या खात्यात टाकता येते. पासवर्ड विसरला असाल, आणि विसरलाच असाल, तर नोंदवलेल्या ईमेलवर नवा मागवा. तो ईमेलही बंद झाला असेल तर मला कळवा. मात्र तुम्ही तुम्हीच आहात हे मला पटवावं लागेल.

ज्यांचा स्वतःचा वर्डप्रेस ब्लॉग आहे त्यांना नवं खातं उघडायचीही गरज नाही. ॲक्टिव्हिटीपब नावाचं प्लगइन चढवलंत की तुमचा ब्लॉगच या जाळ्यातलं खातं होतो. लोक तो फॉलो करतात, त्यांची उत्तरं तुमच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया म्हणून येतात. तुमच्यातल्या निदान चौघांचे ब्लॉग मला माहीत आहेत. दोघांचे तर २०१० पासूनचे.

काहीच करायचं नसेल तरी चालेल. ३० एप्रिलच्या रात्री मी सर्व्हरला स्वतःला मिटवण्याची आज्ञा देईन. मग तो ओळखीच्या प्रत्येक सर्व्हरला कळवत सुटेल की ही खाती गेली, यांच्या प्रती पुसा. त्याला काही दिवस लागतात. डोमेन मी आणखी दोन वर्षं भरून ठेवणार आहे, म्हणजे आपल्या जुन्या पत्त्यावर भलताच कुणी येऊन बसणार नाही.

देवगडच्या गुरुजींचं खातं मागच्या रविवारी फोनवर बोलत बोलत हलवलं. पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं आंब्याच्या मोहराबद्दल. जत, उट्रेक्ट, नगर आणि गगनबावडा त्यांच्यामागून गेले. आधीच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदी त्यांनी वहीतही लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांची काळजी नाही. नवा पत्ता माझ्या खात्यावर वरतीच टाचून ठेवलाय. नोंदी १ जूनला सकाळी साडेआठला सुरू होतील.

आपला,
सर्व्हरवाला